मोटारीतील बालआसन

मोटारीतील बालआसन : टक्कर झाल्यास किंवा अचानक ब्रेक लागल्यास लहान मुलाचे शरीर धरून ठेवण्यासाठी बनविलेले, मोटारीच्या आसनावर पट्ट्याने अथवा ठरावीक कड्यांना अडकवून पक्के करावयाचे स्वतंत्र आसन. बोलण्यात त्याला ‘कार सीट’ किंवा ‘बेबी सीट’ म्हणतात.

या आसनाचा जनक कोण याविषयी एकमत नाही, आणि मतभेदाचे मूळ बरेचसे व्याख्येतच आहे. अमेरिकेतील बनी बेअर कंपनीने १९३३ च्या सुमारास मुलांसाठी असे आसन विक्रीस आणले, म्हणून काही लेखक इतिहासाचा आरंभ तेथून धरतात. मात्र मूल उंच बसावे आणि मोटार चालवताना पालकांची त्याच्यावर नजर राहावी, इतकाच त्या आसनाचा हेतू होता. टक्करीचा विचार त्यात नव्हता. संरक्षण हा निकष लावला तर १९६२ हे साल पुढे येते. त्या सुमारास ब्रिटनमधील जीन एम्स यांनी वाय आकाराच्या पट्ट्यांचे, मूल मागे तोंड करून बसेल असे आसन तयार केले, तर अमेरिकेत डेन्व्हर येथील लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूच्या चौकटीचे आसन बनविले, असे मानले जाते. तिसरा प्रवाह स्वीडनचा. तेथील बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये मागे तोंड असलेल्या आसनाचा नमुना सिद्ध केला. व्होल्वो कंपनीने १९६७ मध्ये पुढचे प्रवासी आसन उलटे फिरवून मुलासाठी वापरण्याची सोय दिली आणि १९७२ मध्ये स्वतंत्र बालआसन बाजारात आणले. आल्डमन यांना ही कल्पना अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानातील अंतराळवीरांच्या पाठ टेकून पहुडण्याच्या आसनांवरून सुचली, असे सांगतात. परंतु जेमिनीचे पहिले समानव उड्डाण मार्च १९६५ मधील आहे. तेव्हा ही कथा खरी मानायची, तर प्रेरणा उड्डाणापूर्वीच्या तयारीतून मिळाली असली पाहिजे. शोधाचा मान वाटून देण्यापेक्षा कोणते तत्त्व टिकले हे पाहिले, तर आल्डमन यांचे काम अधिक पायाभूत ठरते.

त्या तत्त्वाचे कारण शरीररचनेत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक-चतुर्थांश असते आणि मानेच्या मणक्यांचा बराच भाग अद्याप कूर्चेचा असतो. समोरून टक्कर झाल्यावर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्टे अडवतात, पण जड डोके पुढे फेकले जाऊन सारा ताण मानेवर येतो. मागे तोंड असल्यास डोके, मान व पाठ एकत्रच आसनाच्या पाठीत दाबली जातात आणि बल मोठ्या पृष्ठभागावर वाटले जाते. मांडीवरच्या मुलाला हातांनी धरून ठेवता येईल ही समजूत साध्या हिशेबापुढे टिकत नाही : ताशी ५० किमी वेगाची मोटार एक-दशांश सेकंदात थांबली, तर १० किग्रॅ वजनाचे मूल धरण्यास सुमारे १४० किग्रॅ भाराइतके बल लागेल.

मुलाच्या वाढीनुसार आसनांचे तीन टप्पे आहेत : पहिला मागे तोंड असलेल्या आसनाचा, दुसरा पुढे तोंड व पाच टोकांच्या (दोन खांद्यांवर, दोन कमरेशी व एक पायांमध्ये) पट्ट्यांचा आणि तिसरा उंचवटा देणाऱ्या बूस्टरचा. पुढच्या टप्प्यावर जाण्याची घाई करू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये मागे तोंड ठेवण्यासाठी दोन वर्षांची मर्यादा सुचविली होती; २०१८ मध्ये वयाची अट सोडून, आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावे, असे सांगितले. बूस्टरची गरज सुमारे १४५ सेंमी उंचीपर्यंत असते, कारण तोवर मोठ्यांचा पट्टा ओटीपोटावर व गळ्याशी येतो; तो कमरेच्या हाडांवर आणि खांद्याच्या मधोमध बसला पाहिजे.

खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, तर पुढे तोंड असताना त्या पातळीला किंवा किंचित वर निघावेत. खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट पकडता आली तर तो सैल आहे. पट्टा किंवा कडी ज्या ठिकाणी आसनाला धरते तेथे हलवून पाहिल्यास आसन सुमारे अडीच सेंमीहून अधिक सरकू नये. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला पायांमधला पट्टा घालताच येत नाही; म्हणून आधी पट्टे लावावेत आणि दुपटे वरून पांघरावे. जाड स्वेटरच्या बाबतीतही तेच, कारण टक्करीत लोकर दबते आणि पट्टा सैल पडतो. समोरची एअरबॅग चालू असताना पुढच्या आसनावर मागे तोंड असलेले बालआसन कधीही ठेवू नये. एकदा टक्करीत सापडलेले अथवा पूर्वेतिहास माहीत नसलेले जुने आसन घेऊ नये.

बालआसन पट्ट्याऐवजी कड्यांना अडकविण्याच्या ‘आयसोफिक्स’ पद्धतीत मोटारीच्या आसनाच्या पाठ-बैठकीच्या सांध्यात २८ सेंमी अंतरावर दोन कड्या असतात. तिसरा आधार वरच्या पट्ट्याचा किंवा मोटारीच्या तळाला टेकणाऱ्या पायाचा असतो. युरोपातील क्रमांक ४४ च्या नियमात आसनांचे गट वजनावर होते. २०१३ पासूनच्या क्रमांक १२९ मध्ये वर्गीकरण उंचीवर आले आणि १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे झाले. अमेरिकेत १९७१ मध्ये मानक आले, तरी प्रत्यक्ष टक्कर-चाचणीची अट १९८१ मध्ये लागू झाली. वापराची सक्ती करणारा पहिला राज्य-कायदा टेनेसीचा, १९७८ पासूनचा.

भारतात बालआसनांसाठी एआयएस-०७२ हे वाहन-उद्योग मानक असून अशी मानके पुण्यातील ‘एआरएआय’ ही वाहन-संशोधन संस्था प्रसिद्ध करते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालील मूल सुरक्षा-पट्ट्याने वा बालआसनाने बांधलेले नसल्यास चालकास १,००० रुपये दंड आहे. येथील ‘वा’ महत्त्वाचा आहे : मोठ्यांचा पट्टा न बसणाऱ्या वयातही कायद्याची अट त्या पट्ट्याने पुरी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मोटारींच्या सुरक्षा-मूल्यांकन चाचणीत बालप्रवाशांच्या संरक्षणासाठी ४९ गुण ठेवले असून १८ महिने व ३ वर्षे वयाच्या मुलांच्या प्रतिकृती वापरल्या जातात. दुचाकीवरील चार वर्षांखालील मुलासाठी चालकाला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किमीची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने ठरविली आहे.