न हलणारा चौथा दांडा

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या मुलांनी गेल्या शिगमोत्सवात, म्हणजे होळीच्या सुमारास होणाऱ्या उत्सवात, चित्ररथासाठी दहा फूट उंचीचा राक्षस उभा केला होता. गदा धरलेला त्याचा उजवा हात सतत वरखाली हलावा, अशी योजना होती. भंगारातून आणलेली वायपरची मोटार, लोखंडी पट्ट्या आणि चार बोल्ट एवढ्या साहित्यावर तो हात मांडवात आठ दिवस बिनतक्रार हलत होता. मिरवणुकीच्या दुपारी बॅटरीला जागा हवी म्हणून मोटारीचा ब्रॅकेट कापून आठ सेंटिमीटर मागे वेल्ड करण्यात आला. संध्याकाळी रोमटामेळाचे, म्हणजे शिगम्यातील नाचत्या मिरवणूक-पथकाचे, ढोल वाजू लागले आणि मोटार सुरू केली, तेव्हा हात खाली येताना नेहमीच्या जागेपेक्षा बराच खाली लोंबला, तिथेच ताठ झाला, आणि घुमणाऱ्या मोटारीचा फ्यूज उडाला. मोटारीच्या तारा उलट जोडून पाहिल्यावर तर हात पुढे येण्याऐवजी राक्षसाच्या पाठीकडे वळला.

त्या रात्री दोन निदाने ऐकू आली. तरुणांचे म्हणणे होते की मोटार लहान पडली, ट्रकची मोठी मोटार घालावी. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की रथाला दृष्ट लागली, आणि त्यांनी लिंबू-मिरची बांधलीही. एकाही पट्टीची लांबी बदललेली नाही, एकही बोल्ट सैल झालेला नाही, मग काल चालणारी वस्तू आज का अडली, हा मुलांचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रातील एका अतिशय सुंदर प्रकरणात आहे, आणि ते नीट समजावून सांगावे म्हणून हा लेख.

त्या हातामागील यंत्रणेला अभियांत्रिकीत ‘फोर बार लिंकेज’ म्हणजे चार दांड्यांची साखळी म्हणतात. मुलांना विचारले तर ते तीनच दांडे मोजून दाखवत. मोटारीच्या आसावर बसवलेली १० सेंटिमीटरची पट्टी ही क्रँक. खांद्याच्या नळीला वेल्ड केलेली २५ सेंटिमीटरची पट्टी झुलते, म्हणून तिला आपण झुलता दांडा म्हणू. या दोहोंची टोके जोडणारी ५० सेंटिमीटरची लांब पट्टी हा जोडदांडा. चौथा दांडा पट्टीच्या रूपात कुठेच नव्हता. मोटारीचा आस आणि खांद्याची पिन यांच्यामधील अंतर, म्हणजे राक्षसाचा सांगाडाच, हा चौथा दांडा होय. तो हलत नाही म्हणून नजरेत भरत नाही, पण गणितात त्याला इतर तिघांइतकाच मान आहे. ब्रॅकेट सरकवला तेव्हा या चौथ्या दांड्याची लांबी ६० वरून ६८ सेंटिमीटर झाली. मुलांनी काहीच बदलले नाही असे त्यांना वाटत होते, प्रत्यक्षात त्यांनी सर्वांत लांब दांडाच बदलला होता.

दांडे चारच का, तर त्यामागे सोपा हिशेब आहे. सपाट पृष्ठभागावरील मोकळ्या पट्टीला तीन प्रकारे हलता येते: पुढेमागे, डावीउजवीकडे आणि स्वतःभोवती. चारपैकी एक दांडा स्थिर धरला की उरलेल्या तिघांच्या मिळून नऊ हालचाली होतात. प्रत्येक सांधा त्यांतील दोन हिरावून घेतो, आणि सांधे चार असल्यामुळे आठ जातात. उरते एक, म्हणून एकाच मोटारीने सर्व दांड्यांची स्थिती ठरते. तीन दांड्यांचा हिशेब केला तर शून्य उरते, म्हणूनच कौलारू घराच्या छपराची त्रिकोणी कैची हलत नाही. पाच दांड्यांत दोन हालचाली उरतात आणि मोटारी दोन लागतात.

आता अडण्याचे कारण पाहू. क्रँक पूर्ण फेरा मारते तेव्हा तिचे टोक एकदा खांद्यापासून सर्वांत दूर जाते. पूर्वीच्या मांडणीत हे अंतर ६० अधिक १० म्हणजे ७० सेंटिमीटर होते. जोडदांडा आणि झुलता दांडा एका रेषेत ताणले तर ५० अधिक २५ म्हणजे ७५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात, त्यामुळे ७० चे अंतर त्यांच्या आवाक्यात होते. ब्रॅकेट मागे गेल्यावर तेच अंतर ७८ झाले आणि पट्ट्या तीन सेंटिमीटरने तोकड्या पडल्या. जर्मन अभियंता फ्रान्झ ग्रासहोफ याने १८८३ साली हा विचार सर्वसाधारण नियमाच्या रूपात मांडला. चार दांड्यांतील सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नसेल, तरच त्यांतील एखादा दांडा दुसऱ्याच्या मानाने पूर्ण फेरा मारू शकतो. आखूड दांडा स्थिर दांड्याच्या शेजारी असला तर तो फिरतो आणि समोरचा झुलतो, बसच्या वायपरमध्ये हेच घडते. ब्रॅकेट पाच सेंटिमीटर सरकवला असता तर दोन्ही बेरजा ७५ झाल्या असत्या. अशा सीमेवरील यंत्रणेत एका क्षणी चारही दांडे एका रेषेत येतात आणि पुढे हात कुठल्या बाजूला वळेल याची शाश्वती राहत नाही.

आता मला या प्रकरणात सर्वांत आवडणारा भाग. क्रँक अमुक कोनात असताना हात कुठे असेल, हे शोधायला कंपास पुरतो. कागदावर मोटार आणि खांदा यांचे बिंदू घ्यावेत, क्रँक हव्या त्या कोनात काढावी, तिच्या टोकावर कंपास रोवून ५० च्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि खांद्यावर रोवून २५ च्या त्रिज्येचे. पहिले वर्तुळ जोडदांड्याचे टोक कुठे पोहोचू शकते ते सांगते, दुसरे झुलत्या दांड्याचे. दोन्ही टोके एकाच बोल्टने जोडलेली असल्यामुळे तो बोल्ट वर्तुळांच्या छेदनबिंदूवरच असला पाहिजे. परंतु दोन वर्तुळे सहसा दोन बिंदूंत छेदतात, म्हणजे एकाच क्रँककोनासाठी उत्तरे दोन येतात. एका उत्तरात हात छातीपुढे असतो, दुसऱ्यात पाठीमागे. दोन्ही मांडण्यांत पट्ट्या त्याच आणि लांब्याही त्याच. ग्रासहोफचा नियम सीमेवर न राहता पाळणाऱ्या यंत्रणेत क्रँक कितीही फिरवली तरी ही उत्तरे एकमेकांना भेटत नाहीत, आणि एका मांडणीतून दुसरीत जाण्यासाठी बोल्ट काढावाच लागतो.

नियम मोडला की चित्र पालटते. ६८ सेंटिमीटरच्या चौकटीत (म्हणजे त्या स्थिर चौथ्या दांड्यासह) क्रँक जसजशी खांद्यापासून दूर वळते तसतसे वर्तुळांचे दोन्ही छेदनबिंदू जवळ सरकतात. मोटारीपासून खांद्याकडे जाणाऱ्या रेषेपासून सुमारे १३१.५ अंशांवर वर्तुळे एकमेकांना नुसती स्पर्श करतात आणि दोन उत्तरांचे एकच होते. त्यापुढे उत्तरच नाही. शाळेत वर्गसमीकरण सोडवताना वर्गमुळाखालील संख्या धनवरून शून्य आणि शून्यावरून ऋण होते, तोच हा प्रसंग. फरक इतकाच की येथे तो लोखंडात घडतो. फेऱ्याच्या ३६० अंशांपैकी सुमारे ९७ अंश आमच्या क्रँकला कायमचे बंद झाले होते. हात ताठ झाला तो या स्पर्शबिंदूवर. तारा उलटवल्यावर क्रँक मागे फिरू लागली, तेव्हा एका उत्तराची पुन्हा दोन झाली, आणि गदेच्या वजनाने हाताने पाठीमागचे उत्तर निवडले. त्यात गूढ काही नव्हते. समीकरणाचे दुसरे मूळ आमच्यासमोर प्रकट झाले होते.

प्रत्येक कोनासाठी कंपास चालवण्यापेक्षा समीकरण मांडणे सोयीचे असते. कोलंबिया विद्यापीठातील फर्डिनांड फ्रॉइडेनस्टाइन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास यासाठी दिलेले समीकरण आजही त्यांच्या नावाने शिकवले जाते. क्रँकचा कोन ‘थ’ आणि झुलत्या दांड्याचा कोन ‘फ’ मानला, दोन्ही मोटारीकडून खांद्याकडे जाणाऱ्या दिशेपासून मोजले, तर ६० सेंटिमीटरच्या मूळ चौकटीसाठी ते असे होते: ६ कोस(फ) − २.४ कोस(थ) + ३.६५ = कोस(थ − फ). यातील कोस म्हणजे त्रिकोणमितीतील कोसाइन, ६ म्हणजे चौकट भागिले क्रँक, २.४ म्हणजे चौकट भागिले झुलता दांडा. ३.६५ मिळवण्यासाठी क्रँक, झुलता दांडा व चौकट यांच्या वर्गांच्या बेरजेतून जोडदांड्याचा वर्ग वजा करावा आणि क्रँक व झुलत्या दांड्याच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. या समीकरणाचे मोल असे की ते उलटेही वापरता येते. हाताची तीन स्थाने आधी ठरवली तर ६, २.४ आणि ३.६५ यांच्या जागी कोणत्या संख्या हव्यात हे सोडवून काढता येते, आणि त्यांवरून दांड्यांची परस्पर प्रमाणे मिळतात. मूळ यंत्रणेतील हात ४९ अंशांत झुलत होता. एका दिशेच्या प्रवासाला क्रँकचे १७३.६ अंश लागत आणि परतीला १८६.४, म्हणजे एक फेरी दुसरीपेक्षा सुमारे सात टक्के जलद. राक्षसाच्या हाताला ते चालून जाते.

मोठ्या मोटारीच्या सूचनेकडे वळू. जोडदांडा आणि झुलता दांडा यांच्यामधील कोन ९० अंश असताना जोडदांड्याची सर्व ओढ हात फिरवण्याच्या कामी येते. कोन ४५ अंश झाला की तिचा सुमारे ७१ टक्के भाग कामाचा राहतो, २० अंशांवर ३४ टक्के, आणि दोन्ही दांडे एका रेषेत आले की शून्य. म्हणून हा कोन काटकोनापासून फार ढळू नये, साधारण ४५ अंशांखाली किंवा १३५ अंशांवर जाऊ नये, असा दंडक पाळतात. मूळ यंत्रणेत तो ७५.५ ते १३५.२ अंशांत राहत होता, म्हणजे काठावर पण ठीक. अडलेल्या स्थितीत तो १८० अंशांवर गेला होता. तेथे मोटार जितकी दणकट तितकी खांद्याची पिन जोराने ओढली जाते, हात मात्र केसभरही फिरत नाही. ट्रकची मोटार लावली असती तर खांद्याचे वेल्डिंग उखडून गदा लोकांत पडण्याचा धोका होता. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पिनेचे गोल भोक एका बाजूला लांबट झालेले होते, त्याच्या कडेला वॉशरचा चंद्रकोरीसारखा ओरखडा होता, आणि ओढीची दिशा त्यावरून स्पष्ट वाचता येत होती.

देवापुढे नारळ ठेवण्याला माझा आक्षेप नाही. परंतु बिघाडाला दृष्ट हे नाव दिले की टेप घेऊन मोजण्याची इच्छाच संपते, आणि माझा विरोध याला आहे. हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या, दांडे आणि वजने जोडून ‘फुकट वीज’ निर्माण करून दाखवणाऱ्या चित्रफितींबाबतही तेच म्हणावे लागेल. दांड्यांच्या साखळीने जोर वाढतो तेव्हा सरकण्याचे अंतर त्याच प्रमाणात घटते. दोहोंचा गुणाकार म्हणजे काम, आणि ते सांध्यांच्या घर्षणामुळे थोडे कमीच होते.

दांडे एका रेषेत येण्याचा अनुभव पायाच्या शिलाई मशीनवर अनेकांनी घेतलेला असतो. तेथे पावटी हा झुलता दांडा, तिच्यापासून वर जाणारी सळई हा जोडदांडा, मोठ्या चाकावरील वाकडी पिन ही क्रँक आणि लोखंडी स्टँड ही चौकट. येथे शक्ती झुलत्या दांड्याकडून क्रँककडे जाते. सळई आणि क्रँक प्रत्येक फेऱ्यात दोनदा एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी पावटी कितीही दाबली तरी चाक फिरत नाही. जड चाकाचा वेग हे दोन क्षण पार करून नेतो. सुरुवातीला तो वेग नसतो, म्हणूनच शिवणारी बाई वरचे चाक आधी हाताने फिरवून देते, आणि मूल पावटीवर पाय मारते तेव्हा मशीन कधी उलटे फिरून दोरा तोडते.

आमच्या रथाला दोन दिवसांनी दुसऱ्या गावच्या मिरवणुकीत जायचे होते आणि बॅटरी हलवणे शक्य नव्हते. चौकट ६८ वरच ठेवून आम्ही जोडदांडा आठ सेंटिमीटरने वाढवून ५८ केला. १० अधिक ६८ म्हणजे ७८, आणि ५८ अधिक २५ म्हणजे ८३, त्यामुळे ग्रासहोफची अट पुन्हा पाळली गेली. हाताचा झोका हिशेबाने ४९.४ अंश येतो, जवळजवळ पूर्वीइतकाच. खांद्याचे भोक भरून नवे पाडले, बोल्टला दोन-दोन नट लावले आणि मोटार जुनीच ठेवली. हात पूर्ण मिरवणूकभर हलत राहिला. राक्षसाच्या पाठीतील प्लायवर आतल्या बाजूने मुलांनी तेलरंगाने चार आकडे लिहून ठेवले आहेत: १०, ५८, २५, आणि त्यांच्याखाली रेघ मारून ६८.