पोपडा नेमका कुठून सुटला?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्लॅबचा पोपडा पडला, तेव्हा सगळे म्हणाले, "प्लॅस्टरच हलकं मारलेलं." मी तुकडा उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला सळईचा तांबूस ठसा होता. सळई गंजली, गंज फुगला आणि त्यानेच वरचं काँक्रीट ढकलून दिलं. प्लॅस्टरवाला बिचारा उगाच बदनाम.

भोसरीत कोटिंगच्या कामात मी हेच वर्षानुवर्षं पाहतोय. गॅस टर्बाइनच्या (विमानाच्या किंवा वीजकेंद्राच्या इंजिनाच्या) पात्यावरचं, उष्णता अडवणारं सिरॅमिक निघालं की सगळ्यांचं निदान एकच: "कोटिंग उडालं." पण उडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

आधी रचना. पातं निकेलच्या मिश्रधातूचं. त्यावर अ‍ॅल्युमिनियम असलेला बाँड कोट, म्हणजे सिरॅमिकला धरून ठेवणारा धातूचा थर, आणि त्यावर पांढरं सिरॅमिक: झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड), स्फटिकरूप टिकावं म्हणून ७-८ टक्के यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) घातलेलं. या पांढऱ्या थराची जाडी साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटर. उष्णता अडवण्यात हा पांढरा थर पटाईत, पण ऑक्सिजन मात्र त्यातून आरपार जातो.

पहिली तऱ्हा इथेच सुरू होते. आत पोचलेला ऑक्सिजन बाँड कोटमधल्या अ‍ॅल्युमिनियमला धरतो आणि मध्ये अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे त्याच्याच ऑक्साइडचा, पातळ थर धरतो. हा थर हवाच असतो, तो खालच्या धातूला वाचवतो. पण जितके तास इंजिन तापेल तितका तो जाड होत जातो. गार होताना धातू जास्त आकसतो, अ‍ॅल्युमिना कमी. त्यामुळे तो दोन्हीकडून चेपला जातो. खोलीच्या तापमानाला हा दाब ३ ते ४ गिगापास्कलपर्यंत जातो. काही मायक्रॉन जाडी झाली की थर उचलला जातो, आणि पांढरं सिरॅमिक त्याच्याबरोबर सुटतं. म्हणजे गंजलेली सळईच.

गंमत म्हणजे हे चाचणीच्या भट्टीतच होईल असं नाही. धडधाकट बाहेर आलेला पीस टेबलावर ठेवावा, त्यावर पाण्याचा थेंब पडावा, आणि पांढरी टोपी टचकन सुटावी, असंही होतं. दमटपणाने सांध्याची पकड ढिली होते. आपल्याकडच्या जुलैत असे पीस उघडे ठेवू नयेत.

दुसरी तऱ्हा बाहेरून येते. हवेतली धूळ, वाळू, ज्वालामुखीची राख यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचे ऑक्साइड असतात. पृष्ठभाग सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या वर गेला की हे मिश्रण वितळून काचेसारखं होतं आणि सिरॅमिकच्या फटींत झिरपतं. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, म्हणजे तापताना-निवताना थराला हलायला जागा मिळते. चिरोट्यावर पाक ओतल्यासारखंच: पदरांत पाक शिरला आणि गोठला की पदर सुटे राहत नाहीत, सगळं एकजीव कडक होतं. मग गार होताना वरचा पापुद्रा तडकून निघतो. वर आणखी एक खोडी: ही काच झिर्कोनिया विरघळवते, आणि परत जमणाऱ्या झिर्कोनियात यिट्रिया कमी भरतं. असं झिर्कोनिया निवताना आपलं स्फटिकरूप बदलतं आणि आकारमानाने ४-५ टक्के फुगतं.

ओळखायचं कसं? तुकडा उलटा करा. तळाशी करडा अ‍ॅल्युमिना दिसला आणि पात्यावर धातू उघडा पडला असेल, तर आतला दोष. तुकडा पातळ, वरून काचेसारखा चकचकीत आणि पात्यावर अजून बराच पांढरा थर शिल्लक असेल, तर धुळीचा. फक्त प्लाझ्मा स्प्रेच्या, म्हणजे वितळवलेली पूड फवारून दिलेल्या, कोटिंगला हे सरळ लावू नका. तिथे आतल्या दोषातही चीर अ‍ॅल्युमिनाच्या किंचित वरून, सिरॅमिकमधूनच जाते आणि थोडं पांढरं मागे राहतं. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली.

पहिल्याला बाँड कोट सुधारावा लागतो. दुसऱ्याला तो कितीही भारी घेतला तरी पैसे पाण्यात. तिथे वर गॅडोलिनियम झिर्कोनेटचा थर देतात. तो वितळलेल्या काचेशी लगेच अभिक्रिया करून स्फटिक बनवतो आणि तिची वाट बंद होते. पण तो ठिसूळ आणि अ‍ॅल्युमिनाशी त्याचं जमत नाही, म्हणून मध्ये नेहमीचं यिट्रियावालं झिर्कोनिया लागतंच.

आमची भट्टीतली चाचणी ११०० अंशांवर चालते. तिथे धूळ वितळतच नाही, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेचं काही कळतच नाही. म्हणून कोटिंग उडाल्याचा फोन आला की मी आधी विचारतो, "तुकडे ठेवलेत ना?"

बहुतेक वेळा ते झाडून टाकलेले असतात.