घोस्ट प्लांट पॅराग्वेचं नाहीये!

घोस्ट प्लांट म्हणजे कुंडीत लावतात ते जाड, रसाळ पानांचं झाड (सक्युलंट). नर्सरीवाले, सक्युलंटवाले सगळे बिनधास्त सांगतात की ते पॅराग्वेचं, का तर शास्त्रीय नावच ग्राप्टोपेटॅलम पॅराग्वेएन्से. अहो पण ते मूळचं मेक्सिकोचं आहे. झालं असं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे झाड कॅक्टसच्या मालाबरोबर न्यूयॉर्कला पोचलं, नेमकं कुठल्या डोंगरावरून उचललं त्याची धड नोंद नाही, आणि १९१४ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ एन. ई. ब्राऊन यांनी पॅराग्वेचं समजून तसं नाव देऊन टाकलं. तोवर कुंड्यांमधून पसरलंच होतं, एक पान गळून मातीवर पडलं तरी नवीन रोप येतं याचं, मग मूळ जागा विचारतंय कोण!

खरं तर ग्राप्टोपेटॅलम गटातली बाकीची झाडं मेक्सिको नि अ‍ॅरिझोनाकडचीच, त्यामुळे हे एकटंच दक्षिण अमेरिकेत कसं गेलं असा डाऊट यायलाच हवा. पुढे याचीच जंगली बहीण ईशान्य मेक्सिकोत, तामौलिपासमधल्या बर्नाल डोंगरावर सापडली, १९८६ मध्ये तिला बर्नालेन्से ही उपजात म्हणून नाव मिळालं. नाव मात्र बदलणार नाही, वनस्पतीशास्त्राच्या नियमात निव्वळ दिशाभूल करतं म्हणून नाव रद्द करता येत नाही.