सापाला नेमके किती खायला द्यावे?

गोठवलेले उंदीर घ्यायला आलेले ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त वेळा एकच गोष्ट विचारतात : "एक खाऊनही तो अजून शोधतोच आहे, एक मोठा देऊ का?" आमचे उत्तर बहुतेक वेळा 'नको' असे असते. का, ते या पत्रकात सांगितले आहे. हे पत्रक बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या उंदीर खाणाऱ्या दोन सापांपुरते आहे. मासे आणि गांडुळे खाणाऱ्या गार्टर स्नेकचे गणित वेगळे असते.

रानात पुढचे भक्ष्य कधी सापडेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे समोर आले की गिळायचे, हा सापाचा स्वभाव. पाळलेला सापही पोट भरलेले असताना काचेपाशी येतो, जीभ लवलवतो, झडप घालतो. कॉर्न स्नेक तर फार क्वचित नाही म्हणतो. म्हणून त्याच्या वागण्यावरून मात्रा ठरवू नका, वजनावरून ठरवा. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला साधा काटा आणि झाकणाचा डबा एवढे पुरते. डब्याचे वजन वजा करा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा.

वजनावरून मात्रा

वाढत्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, साधारण आठवड्यातून एकदा. मध्यम वयात ७ ते १० टक्के, दहा ते चौदा दिवसांनी. पूर्ण वाढलेल्या सापाला ५ टक्क्यांच्या आसपास, दोन ते चार आठवड्यांनी. म्हणजे २०० ग्रॅमच्या बॉल पायथनच्या पिल्लाला २० ते ३० ग्रॅमचा उंदीर, पण ९०० ग्रॅमच्या प्रौढाला फक्त ४५ ग्रॅमचा, तोही तीन आठवड्यांनी. आकडा पाहून अनेकांना हे फारच कमी वाटते. तरी तेच योग्य आहे, कारण वाढ थांबल्यावर जादा अन्नाची चरबीच होते.

जाडीही पाहा. उंदीर सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतका किंवा किंचित जास्त जाड असावा. वजन आणि जाडी यांचा मेळ बसत नसेल तर लहान उंदीर निवडा.

जेवणानंतर आत काय घडते

बर्मी अजगरावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की मोठे भक्ष्य गिळल्यानंतर ४८ तासांत त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. आतडी आणि यकृतही वाढतात, आणि पचन संपले की सगळे पुन्हा पूर्ववत होते. पाळलेला साप लहान असला तरी जेवण पचवणे हे त्याच्याही शरीरासाठी मोठे काम असते, आणि त्याला ऊब लागते. बॉल पायथनच्या पिंजऱ्यातली गरम बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस असावी, कॉर्न स्नेकची २८ ते ३०. खाल्ल्यावर निदान ४८ तास त्याला हातात घेऊ नका.

सापाने गिळलेले भक्ष्य ओकून टाकले तर बिचारा उपाशी राहील या काळजीने लगेच दुसरे देऊ नका. त्याने आणखी त्रास होतो. तापमान तपासा, दहा ते चौदा दिवस थांबा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे द्या. पुन्हा ओकले तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

लठ्ठ की रोडका?

बॉल पायथनचा आडवा छेद कोपरे गोलसर असलेल्या त्रिकोणासारखा असतो. कणा धारेसारखा वर आला असेल तर तो रोडावला आहे. कणा खोबणीत बुडाला असेल, सरळ पडलेला असतानाही खवल्यांमधली कातडी दिसत असेल, वळताना घड्या पडत असतील किंवा शेपटीच्या मुळाशी फुगवटे असतील, तर तो लठ्ठ आहे. लठ्ठपणाने यकृतात चरबी साचते, आणि बाहेरून साप धडधाकट दिसतो. अशा वेळी उपास घडवू नका. दोन जेवणांतले अंतर वाढवा आणि उंदराचा आकार एक पायरी खाली आणा.

खात नसेल तर

डोळे दुधाळ झाले असतील तर कात टाकेपर्यंत वाट पाहा. विणीच्या काळात प्रौढ बॉल पायथन, विशेषतः नर, कित्येक आठवडे तोंड लावत नाहीत. वजन टिकून असेल तर घाबरू नका. एकूण वजनात १० टक्के घट झाली, किंवा पिल्लू सलग काही वेळा नाकारू लागले, तर मात्र थांबू नका, पशुवैद्याला दाखवा.

वितळवणे

उंदीर पिशवीतच रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. देण्याआधी पिशवीसकट गरम पाण्यात बुडवा. मायक्रोवेव्ह कधीच वापरू नका. उंदीर बाहेरून शिजतो, आत गार राहतो. बॉल पायथन उष्णतेवरून भक्ष्य ओळखतो, म्हणून उंदराचे अंग साधारण ३८ अंश असावे. वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नका. गोठवल्याने साल्मोनेला जंतू मरत नाहीत, तेव्हा हात साबणाने धुवा. जिवंत उंदीर देऊ नका. उंदराच्या चाव्याने सापांना झालेल्या खोल जखमा आम्ही पाहिल्या आहेत.

अख्ख्या उंदरातून हाडे, यकृत, सगळेच मिळते. वरून पावडर लागत नाही. नुसते मांसाचे तुकडे मात्र पुरत नाहीत.

पुढची मागणी देताना सापाचे ताजे वजन आणि मागच्या जेवणाची तारीख सांगा. पिंकीपासून (नुकत्याच जन्मलेल्या, केस नसलेल्या पिल्लापासून) मोठ्या उंदरापर्यंत कोणता आकार घ्यायचा, ते आम्ही त्यावरून सांगू.