दुखत नाही, पण राहवत नाही

दिवाळी सरली की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलवाटांवर रविवार सकाळची वर्दळ वाढते, आणि त्याच सुमारास तिथल्या झुडपांवर चढलेल्या खाजकुयलीच्या शेंगा पिकू लागतात. सोनेरी तपकिरी, मऊ लव असलेली देखणी शेंग. एखादं मूल कुतूहलाने तिला हात लावतं आणि पुढचा अर्धा तास सगळ्यांची धावपळ उडते. कुणीतरी मेडिकलमधून सेटिरिझिनची गोळी आणतं, कारण खाज म्हटली की अ‍ॅलर्जीची गोळी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गोळी पोटात जाते, खाज मात्र जागची हलत नाही. मग दोष गोळीला दिला जातो. खरं तर ती गोळी ज्या रसायनाला अडवते, त्याचा या खाजेशी फारसा संबंधच नसतो.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे एक जुना गैरसमज आहे. खाज म्हणजे हलकीशी वेदना, असं आपण धरून चालतो. शरीराला त्रास झाला तर दुखतं, थोडाच झाला तर खाजतं, असा काहीसा हिशोब. पण न दुखणारे त्रास शरीरात कितीतरी आहेत. घाटात गाडी वळणं घेऊ लागली की होणारी मळमळ, मांडी घालून बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्या, श्वास रोखून धरल्यावरची घुसमट, फळ्यावर खडू करकरला की अंगावर येणारा काटा. यातलं काहीच दुखत नाही, तरी यातलं काहीच सहन होत नाही. घुसमटीचंच बघा. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन अजून पुरेसा असतो, तरी ती तगमग सुरू होते. तिचा वेदनेच्या यंत्रणेशी थेट संबंध नाही. खाजेचंही तसंच आहे, आणि तिच्याविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे कळलंय ते विलक्षण आहे.

खाजेची व्याख्या सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये केली, आणि ती आजही वापरली जाते: जी नकोशी संवेदना खाजवण्याची इच्छा निर्माण करते, ती खाज. वेदना झाली की आपण हात मागे घेतो. खाज सुटली की हात तिथेच नेतो. दोन्हींत शरीर अगदी उलट वागतं. तरी विसाव्या शतकात बराच काळ मोठमोठे शास्त्रज्ञ खाजेला दुबळी वेदनाच मानत होते.

आता पुन्हा खाजकुयलीकडे. शेंगेवरची लव म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची हजारो कुसळं. प्रत्येकाचं टोक इतकं बारीक की ते त्वचेच्या वरच्या थरात शिरतं तेव्हा टोचल्याचंही नीट कळत नाही. १९५५ मध्ये शेली आणि आर्थर या अमेरिकी संशोधकांनी या कुसळांमधून खाज आणणारा पदार्थ वेगळा केला. तो निघाला एक एन्झाइम, म्हणजे प्रथिनं कापणारं प्रथिन. त्याला त्यांनी नाव दिलं म्युक्युनेन, कारण खाजकुयलीचं शास्त्रीय नाव म्युक्युना प्रुरिएन्स. कुसळं चांगली तापवली की हे एन्झाइम निकामी होतं. मग तीच कुसळं कातडीत शिरली तरी खाजत नाही. म्हणजे टोचण्याचा दोष नाही, दोष त्या एन्झाइमचा.

हे एन्झाइम नेमकं काय कापतं, हे कळायला पुढे पन्नासेक वर्षं जावी लागली. २००८ मध्ये रेड्डी, लर्नर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते ‘पार-२’ आणि ‘पार-४’ या ग्राहकांवर काम करतं. ग्राहक म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं, बाहेरचा संदेश आत पोचवणारं प्रथिन. साधारणपणे एखादा रेणू बाहेरून येतो, ग्राहकात बसतो, काम झालं की निघून जातो. अ‍ॅलर्जीत खाज आणणारं हिस्टामिन हे रसायन असंच वागतं, आणि सेटिरिझिन त्याची जागा अडवून ठेवते. ‘पार’ मंडळींची रीत निराळी. त्यांची किल्ली दोरीने कुलपालाच बांधलेली असते आणि वर आवरण शिवलेलं असतं. या ग्राहकाचं एक टोक पेशीबाहेर शेपटासारखं लोंबतं. म्युक्युनेन येतं आणि ते शेपूट एका ठरावीक जागी कापतं. कापल्यावर जे नवं टोक उघडं पडतं, तेच वळून त्याच ग्राहकाच्या खोबणीत जाऊन बसतं. ग्राहक स्वतःच स्वतःला चालू करतो. एकदा कापलेला ग्राहक पुन्हा जोडता येत नाही. पेशी तो आत ओढून घेते आणि त्याच्या जागी नवा आणते. मला ही यंत्रणा इतकी आवडते की तिच्याविषयी वाचताना दर वेळी नव्याने नवल वाटतं. यात हिस्टामिनची गरज कुठेच नाही, म्हणूनच हिस्टामिनवरची गोळी इथे हात टेकते.

बरं, ही कात्री एकट्या खाजकुयलीकडे आहे असंही नाही. आपल्याच त्वचेत, अ‍ॅलर्जीच्या वेळी हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशींमध्ये, ट्रिप्टेज नावाचं एन्झाइम असतं आणि तेही पार-२ कापतं. गादी-उशीतल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माइट किड्यांच्या विष्ठेतही प्रथिनं कापणारी एन्झाइम्स असतात. आपल्याकडच्या दमट हवेत हे किडे सुखाने नांदतात. २०२३ मध्ये हार्वर्डच्या आयझॅक चिऊ यांच्या गटाने दाखवलं की एक्झिमाच्या त्वचेवर वाढणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणूही असंच एक एन्झाइम सोडतो. ते मज्जातंतूवरचा पार-१ कापतं आणि थेट खाज सुरू करतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं, पार-१ अडवणारं एक औषध उंदरांना दिल्यावर त्यांचं खाजवणं कमी झालं.

कातडीपासून पुढे हा संदेश नेतं कोण? १९९७ मध्ये जर्मनीत मार्टिन श्मेल्झ आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पायातल्या एकेका मज्जातंतूत बारीक सुई ठेवून मोजमापं घेतली. त्यांना असे सी-तंतू, म्हणजे अगदी बारीक आणि संथ मज्जातंतू, सापडले की जे हिस्टामिनला जोरदार प्रतिसाद देतात आणि दाबलं-टोचलं तर गप्प राहतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. पायाच्या बोटावर खाज सुटली तर निरोप पाठीच्या कण्यापर्यंत पोचायला दोनेक सेकंद लागतात. शिवाय असा एक तंतू त्वचेचा बराच मोठा पट्टा सांभाळतो, म्हणून नेमकं कुठे खाजतंय ते सापडत नाही आणि नख आजूबाजूला फिरत राहतं. खाजकुयलीची खाज मात्र या तंतूंनी जात नाही. ती नेणारे सी-तंतू वेगळे, आणि ते दाबणं-टोचणं यांनाही प्रतिसाद देतात.

कण्यात पोचल्यावरची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या झोउ-फेंग चेन यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेसाठी लागणारा ग्राहक शोधला. २००९ मध्ये हा ग्राहक असलेल्या पेशीच त्यांनी नष्ट केल्या. त्या उंदरांचं खाजवणं जवळपास थांबलं, वेदनेवरच्या प्रतिक्रिया मात्र जशाच्या तशा राहिल्या. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या शिनझोंग डोंग यांच्या गटाने तर याहून पुढची युक्ती केली. उंदराच्या गालाला मिरचीतलं कॅप्सायसिन टोचलं तर त्याला आग होते आणि तो पुढच्या पंजाने गाल पुसतो. खाज आणणारं काही टोचलं तर मागच्या पायाने खाजवतो. या गटाने असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात कॅप्सायसिनचा ग्राहक फक्त खाजेच्या मोजक्या पेशींवरच होता. आता मिरची टोचल्यावर ते गाल पुसत नव्हते, खाजवत होते! रसायन तेच. ते कोणत्या पेशीला चेतवतं, यावर संवेदना ठरली.

इथवर सगळं सुटसुटीत वाटतं: वेदनेची तार वेगळी, खाजेची वेगळी. पण माणसांवरचा एक प्रयोग या चित्रात बसत नाही. येल विद्यापीठात तापवून निकामी केलेली खाजकुयलीची कुसळं कॅप्सायसिनमध्ये बुडवून लोकांच्या हातावर टोचली, तेव्हा लोकांना खाज सुटली. तेच कॅप्सायसिन सुईने कातडीखाली सोडलं असतं तर आग झाली असती. म्हणजे किती तंतू, किती खोलवर, किती जागेत एकदम चेततात यालाही अर्थ आहे. एका सुईच्या टोकाएवढ्या जागेतले मोजके तंतू बोलले आणि शेजारचे गप्प राहिले, तर मेंदू त्याला खाज समजतो, असा एक तर्क आहे. शुद्ध ‘वेगळी तार’ आणि हा ‘नमुना’ यांचा मेळ कसा घालायचा, यावर अजून वाद चालू आहे. माझं मत असं की दोन्ही खरं निघेल: तारा वेगळ्या आहेत, पण मेंदू त्या एकेकट्या ऐकत नाही.

खाज आणि वेदना एकच असत्या तर वेदनाशामकाने खाजही गेली असती. घडतं उलटं. सिझेरियनच्या वेळी पाठीत मॉर्फिन दिलेल्या अनेक बाळंतिणींना दुखत नाही, पण नाक आणि चेहरा खाजत राहतो. खाजवल्याने बरं का वाटतं, याचंही उत्तर कण्यातच मिळतं. २००९ मध्ये मिनेसोटात माकडांवर केलेल्या प्रयोगात खाजवल्यावर कण्यातल्या पेशींचा खाजेचा गोंगाट थंडावला. तेच खाजवणं वेदना चालू असताना केलं तर असा परिणाम दिसला नाही. मेंदूचा हातही यात मोठा. २००० साली जर्मनीतल्या संशोधकांनी खाजेवर जाहीर व्याख्यान ठेवलं, पडद्यावर पिसवा, माइट आणि ओरबाडलेली कातडी दाखवली, आणि श्रोत्यांचं खाजवणं वाढलं.

हे सगळं माहीत झाल्यावर तळहात खाजला की पैसे येतात, हे ऐकायला कसं वाटतं ते तुम्हीच सांगा. ते निरुपद्रवी तरी आहे. ‘रक्त खराब झालंय’ म्हणून महिनोन्‌महिने रक्तशुद्धीच्या बाटल्या पिणं निरुपद्रवी नाही, कारण त्यात खऱ्या आजाराचा वेळ जातो. खाजकुयलीवर शेण फासणंही नको. वाळलेल्या लेपाबरोबर काही कुसळं निघतात हे खरं, पण ओरबाडलेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. चिकटपट्टी लावून ओढली तरी कुसळं निघतात. नंतर न चोळता धुवायचं आणि कपडे बदलायचे. यांपेक्षा मोठा घात करतात त्या मेडिकलमधून मागून आणलेल्या ‘तीन औषधं एकात’ ट्यूब. जांघेतल्या गजकर्णावर ती लावली की आतलं तीव्र स्टेरॉइड खाज दोन दिवसांत शमवतं, बुरशी मात्र मोकळी पसरते. २०१८ मध्ये सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी घातली. तरी लोकलच्या गर्दीत घामाने भिजून घरी येणारे लोक अजूनही तीच ट्यूब नावाने मागतात, आणि त्यांना ती मिळते.

‘दुखत नाही ना? मग काय एवढं,’ हे वाक्य खाजेने रात्र-रात्र जागणाऱ्याला घरात आणि बाहेरही ऐकावं लागतं. २०११ मध्ये अमेरिकेत जुनाट खाजेच्या आणि जुनाट वेदनेच्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा दोघांच्या जगण्यावरचा बोजा जवळपास सारखाच निघाला. सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललेली खाज वैद्यकशास्त्रात जुनाट मानतात. पुरळ नाही, चट्टा नाही, तरी अंगभर खाजतंय आणि आठवडे उलटताहेत, तर किडनी, यकृत, थायरॉइड आणि रक्तातलं लोह यांच्या तपासण्या डॉक्टरांकडे मागून घ्या. पित्तवाहिनी तुंबली तरी अशी खाज सुटते, अनेकदा तळहात-तळपायांना आणि रात्री अधिक, कधी कावीळ दिसायच्याही आधी. तिच्यावरही अ‍ॅलर्जीची गोळी फारशी चालत नाही.