व्हिडिओ अडकतोय की व्हिडिओतच गचके आहेत?

घरच्या लग्नाचा, मुंजीचा किंवा सहलीचा व्हिडिओ एडिट केला, रेंडर केला (म्हणजे त्याची अंतिम फाइल काढली) आणि तो सलग चालत नाही असं कुणी म्हटलं, की सल्ले ठरलेले असतात. रॅम वाढवा. ग्राफिक्स कार्ड टाका. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, वाढवून पुन्हा एक्सपोर्ट करा. फाइल उघडून पाहायच्या आधीच हे सुरू होतं. मग तो बिचारा नवी रॅम आणतो, रात्रभर पुन्हा रेंडर लावतो आणि सकाळी वरातीतला घोडा पहिल्यासारखाच तुटक तुटक चालताना दिसतो.

या एका तक्रारीमागे दोन निरनिराळे दोष असतात. एकात फाइल उत्तम असते, पण ती चालवणारं काहीतरी कमी पडतं: कॉम्प्युटर, टीव्ही किंवा पेन ड्राइव्ह. हे अडकणं. दुसऱ्यात चालवणारं यंत्र ठणठणीत असतं, पण फाइलच्या आतच काही फ्रेम्स, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गाळल्या गेलेल्या किंवा दोनदा आलेल्या असतात. हे गचके. अडकणारी फाइल दुसऱ्या यंत्रावर सरळ चालते. गचक्यांची फाइल कुठेही नेली तरी गचके सोबत जातात.

अडकणं बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. फोरके, एच. २६५, १० बिट अशी जड प्रकारची फाइल जुन्या लॅपटॉपवर लावली आणि तिथल्या ग्राफिक्स चिपला (जीपीयूला) हा प्रकार डीकोड करता, म्हणजे उलगडून दाखवता येत नसला, तर सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डीकोडचा आलेख असतो. तो तळाला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला, तर निदान झालं. त्याच टाइमलाइनची, म्हणजे क्लिप्स जोडून केलेल्या एडिटची, १०८० पी, एच. २६४ ची एक हलकी प्रत काढा आणि नातेवाइकांना तीच द्या. टीव्हीला लावलेला जुना पेन ड्राइव्ह मंद असेल तर तो बदला. एडिटिंग चालू असताना प्रीव्ह्यू अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिप्सच्या हलक्या कामचलाऊ प्रती, बनवा. तो प्रीव्ह्यू पाहून "माझा व्हिडिओ खराब झाला" म्हणून रडणारे खूप आहेत. प्रीव्ह्यूच्या अडखळण्याचा अंतिम फाइलशी काही संबंध नसतो.

बिटरेट वाढवण्याचा सल्ला मात्र मला मनापासून खटकतो. यूट्यूबची स्वतःची शिफारस १०८० पी साठी ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट्स) आणि फोरकेसाठी ३५ ते ४५ एमबीपीएस एवढीच आहे. घरच्या १०८० पी व्हिडिओला १५ ते २० दिले तरी पुष्कळ. फाइल अडकत असेल तर बिटरेट वाढवल्याने ती जास्तच अडकेल, कारण तेच यंत्र आता सेकंदाला आणखी डेटा वाचणार. गचके असतील तर ते अधिक स्वच्छ दिसतील, एवढंच.

आता मुद्द्याचं. हे दोन दोष ओळखण्यात एवढी गल्लत का होते? कारण दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. मामा सोफ्यावर बसून बोलताहेत, अशा दृश्यात सेकंदाला पाच फ्रेम्स गायब असल्या तरी डोळ्यांना कळत नाही, कारण चित्रात हलतंय फारच थोडं. कॅमेरा हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे संथपणे फिरला, रस्त्यावरून गाडी आडवी गेली, शेवटी नावांची पट्टी वर सरकली की गचके एकदम उघडे पडतात. आणि नेमक्या अशाच दृश्यांत फाइलला जास्त डेटा लागतो, म्हणजे कमजोर यंत्रही तिथेच दमतं. "शांत सीन नीट चालतो, हालचाल आली की अडकतो" या वर्णनावरून त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. तरीही त्यावरून छातीठोकपणे "मशीन कमी पडतंय" म्हणणारे भेटतात.

"दर वेळी त्याच जागी अडकतं, म्हणजे दोष फाइलमध्येच" ही दुसरी लाडकी कसोटी. तीही अपुरी आहे. जड दृश्य दर वेळी त्याच जागी येतं, आणि कमजोर प्रोसेसर दर वेळी त्याच जागी हात टेकतो.

खात्रीची कसोटी एकच: व्हिडिओ थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे न्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं ई दाबलं की एक फ्रेम पुढे जाते. एमपीव्हीमध्ये पूर्णविरामाचं बटण, क्विकटाइममध्ये उजवा बाण. एकाच वेगाने आडवी हालचाल असलेलं दृश्य निवडा. गाडीच्या खिडकीतून घेतलेले विजेचे खांब किंवा हॉलमधून संथ फिरवलेला कॅमेरा यासाठी उत्तम. एका खांबाच्या कडेवर नजर ठेवा आणि तीसेक वेळा बटण दाबा. दर वेळी कड साधारण सारखीच सरकली, तर फाइल निर्दोष आहे आणि दोष चालवणाऱ्याकडे आहे. मध्येच एकदा बटण दाबूनही काहीच हललं नाही, तर ती फ्रेम दोनदा आलेली आहे. मध्येच खांबाने दुप्पट उडी घेतली, तर तिथली एक फ्रेम गाळली गेली आहे. एकाच चित्रात खांबाच्या दोन फिकट सावल्या दिसल्या, तर सॉफ्टवेअरने शेजारच्या दोन फ्रेम्स एकमेकींत मिसळल्या आहेत. ही कसोटी पक्की आहे, कारण एकेक फ्रेम पाहताना यंत्राला हवा तेवढा वेळ मिळतो आणि त्याच्या वेगाचा प्रश्नच उरत नाही.

उड्यांमधलं अंतरही मोजा. दर चार वेळा हललं की पाचव्यांदा दुप्पट उडी, असा ठेका सापडला तर ती सेकंदाला ३० फ्रेम्सची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाकलेली आहे.

घरच्या व्हिडिओत हे सारखं होतं. भारतात टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्सचा, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओग्राफर अजूनही २५ किंवा ५० वर शूट करतात. भाच्याचा मोबाइल ३० वर असतो. ड्रोनवाल्याने "सिनेमासारखं दिसावं" म्हणून २४ ठेवलेलं असतं. हे सगळं एका टाइमलाइनवर येतं आणि टाइमलाइनला आकडा एकच असतो. तीस जणांची पंगत पंचवीस पाटांवर बसवायची तर पाच जणांना उठवावंच लागतं. सॉफ्टवेअर तेच करतं: दर सहातली एक फ्रेम गाळतं, सेकंदाला पाच वेळा. उलट बाजूने, २५ ची क्लिप ३० वर टाकली तर दर पाच फ्रेम्सनंतर एक पुन्हा दाखवतं, तेही सेकंदाला पाच वेळा. २४ ची क्लिप २५ वर टाकली तर सेकंदाला एक फ्रेम दोनदा येते, आणि संथ फिरणाऱ्या ड्रोन शॉटमध्ये तो एक ठोकाही जाणवतो. ५० वरून २५ किंवा ६० वरून ३० मात्र साफ जमतं, एक सोडून एक फ्रेम घेतली की झालं. २९.९७ आणि ३० यांच्यावरून लोक तासन् तास वाद घालतात. तिथे साधारण ३३ सेकंदांत एका फ्रेमचा फरक पडतो, त्याची काळजी सोडा.

टाइमलाइनचा आकडा ठरतो पहिल्याच क्लिपला, तेही लक्षात न येता. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप ओढून टाकली की सिक्वेन्स, म्हणजे टाइमलाइन, तिच्या मापाचा बनतो. डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट मुळात २४ वर असतो. वेगळ्या फ्रेम रेटची (सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे एफपीएस, तो आकडा) पहिली क्लिप आली की तो "बदलू का" असं विचारतो आणि लोक न वाचता बटण दाबून मोकळे होतात. नंतर त्या टाइमलाइनचा आकडा बदलता येत नाही. सहा महिन्यांनी रेंडरच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी ही चूक सापडणार नाही, कारण ती तिथे झालेलीच नसते. गाळलेल्या फ्रेम्स एक्सपोर्टला परत येत नाहीत. "६० एफपीएसला एक्सपोर्ट करा, स्मूद होईल" हे ऐकून तर वाईट वाटतं. त्याने तेच गचके जास्त फ्रेम्समध्ये वाटले जातात, फाइल फुगते आणि आजोबांच्या टीव्हीवर ती आता अडकायलाही लागते.

मोबाइलच्या क्लिप्समध्ये आणखी एक गाठ आहे. मोबाइल "३०" म्हणतो तेव्हा तो काटेकोर ३० असेलच असं नाही. बहुतेक मोबाइल बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात आणि उजेड कमी झाला की फ्रेम्स कमी करतात. आयफोनमध्ये ऑटो एफपीएस नावाची सोय आहे, ती अंधारात ३० वरून २४ वर येते. संध्याकाळच्या संगीताच्या क्लिपला गचके आणि सकाळच्या हळदीच्या क्लिपला नाहीत, असं झालं तर आधी इथे पाहा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल लिहिलेलं दिसेल. अशा क्लिप्समध्ये उड्यांना ठरावीक ठेका नसतो, आणि क्लिप लांब असली की ओठ आणि आवाज यांची फारकतही होऊ शकते. एडिटिंगला बसण्याआधी त्या हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढाव्यात. तिथे व्हिडिओच्या पानावर आकडा स्वतः निवडा आणि शेजारी कॉन्स्टंट फ्रेमरेट करा. नेहमीच्या प्रीसेटमध्ये पीक फ्रेमरेट आधीच निवडलेलं असतं. ते तसंच राहिलं तर सगळी मेहनत वाया जाते.

मग टाइमलाइन कितीची ठेवायची? मुख्य चित्रण ज्याचं, त्याचा आकडा. व्हिडिओग्राफर असेल तर २५. सगळं मोबाइलवरच असेल तर निःशंक ३०. २४ चा हट्ट सोडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, टीव्ही २५ चे आणि मोबाइल ३० चे, आणि घरच्या व्हिडिओचं सिनेमापण त्या एका आकड्यात नसतं. जमलं तर समारंभाआधीच सगळ्यांना एकच आकडा सांगून ठेवा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट्स दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ मिळतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं, त्यातही २५ आहे. मोबाइल ३० वरच ठेवला तरी हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली शटर (प्रत्येक फ्रेम टिपण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. ते लुकलुकणं हा निराळा विषय आहे, त्याला गचके समजू नका.

शूटिंग होऊन गेलं असेल तर माझी पसंती अशी. ज्या क्लिपमध्ये बोलणं नाही, म्हणजे फुलांची सजावट, मुंडावळ्या बांधणं, नवरीचं चालत येणं, तिचा वेगच बदला. ३० च्या क्लिपला २५ समजून चालवायला सांगा: रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स, प्रीमियरमध्ये इंटरप्रिट फुटेज. ती ८३ टक्के वेगाने चालते, एकही फ्रेम गाळली जात नाही आणि अशा दृश्यांना ती संथ लय शोभून दिसते. २४ चा ड्रोन शॉट २५ समजून चालवला तर वेग चार टक्क्यांनी वाढतो, कुणालाही कळत नाही. बोलण्याची क्लिप आहे तशीच राहू द्या, तिथे हालचालच कमी असते. ऑप्टिकल फ्लो शेवटचा उपाय म्हणून, एखाद्याच शॉटला. दोन फ्रेम्सच्या मधलं चित्र तो अंदाजाने रचतो, त्यामुळे बांगड्या, हार आणि अक्षता टाकणारे हात यांच्याभोवती चित्र वितळल्यासारखं होतं. अख्ख्या टाइमलाइनला तो लावून टाकणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही.

जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या चित्रणाला वेगळे गचके असतात. मिनीडीव्ही कॅसेटमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड्स असतात, आणि त्यांचा क्रम उलटा लागला की हालचाल पुढे-मागे, पुढे-मागे थरथरते. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, एचडीव्ही आणि एव्हीसीएचडीमध्ये वरचं. क्लिपच्या गुणधर्मांत तेवढं बरोबर लावलं की थरथर थांबते. डीइंटरलेस करताना, म्हणजे फील्ड्सच्या पूर्ण फ्रेम्स बनवताना, २५ न करता ५० फ्रेम्स काढा, प्रत्येक फील्डची एक, म्हणजे मुळातली सलगता टिकते. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी या तिकडच्या पद्धतीची, २९.९७ ची. तिचा वेगळा व्हिडिओ करा, आपल्या पालच्या चित्रणात मिसळू नका.

हे सगळं नीट केल्यावरही २५ ची निर्दोष फाइल कॉम्प्युटरच्या पडद्यावर किंचित खडबडीत वाटू शकते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम्स दोन आवर्तनं थांबतात, काही तीन. यासाठी टाइमलाइनला हात लावू नका. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करा आणि तीच फाइल लावून तोच खांबांचा शॉट पुन्हा पाहा.