गाळातल्या गोगलगाईचं युरिक ॲसिड

परवा मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत आला. आटलेल्या तळ्यातनं काढलेली गोगलगाय पाण्यात टाकली आणि ती चालायला लागली. खाली मजकूर : 'अनेक महिन्यांची समाधी! विज्ञानही थक्क!' विज्ञान अजिबात थक्क नाही. प्राणिशास्त्राच्या पोरांना यावर परीक्षेत टिपा लिहाव्या लागतात.

आमच्या कोल्हापूरच्या कळंबा तलावाचं पाणी मागं सरल्यावर शेजारच्या पोरानं असाच एक शंख आणला होता. लिंबाएवढा, तोंडावर चुन्याचं कडक झाकण, नखानं उचकटेना. बादलीत सोडला. रात्रभर ढिम्म. सकाळी बघतो तर झाकण बाजूला, आणि पठ्ठी कडेला चिकटून वर निघालेली! ही पायला, गोड्या पाण्यातली गोगलगाय. तिला कल्लाही असतो आणि फुप्फुसाची पिशवीही. पाणी आटलं की ती गाळात शिरते, झाकण लावते आणि शरीराचा खर्च अगदी कमी करते. हीच ग्रीष्मनिद्रा.

मला भुरळ पडते ती तिच्या लघवीची. हसू नका. उपाशी शरीर स्वतःतलीच प्रथिनं थोडीथोडी मोडतं आणि त्यातनं अमोनिया सुटतो, म्हणजे विषच. तळ्यात असताना काळजी नसते, तो पाण्यात विरघळून जातो. पण बंद शंखात जाणार कुठं? म्हणून पायला त्याचं युरिक ॲसिड करते. तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या आपल्या गावाला हे नाव नवं नाही. पायाचा अंगठा सुजला की डॉक्टर तेच तपासायला लावतात. आपल्या सांध्यात टोचतात त्याचे खडे, आणि पायला वाचते ती त्याच गुणामुळं : ते पाण्यात सहसा विरघळत नाही. अमोनियाच्या एका रेणूत नायट्रोजनचा एक अणू, युरियात दोन, यात चार. म्हणजे बाहेर टाकायचा तेवढाच नायट्रोजन कमी रेणूंत मावतो. शिवाय विरघळलेलं नसल्यानं ते पेशींतलं पाणी ओढत नाही (परासरण आठवा, शाळेत झालंय). ते बनवायला ऊर्जा जास्त लागते, पण पाणी वाचतं. आफ्रिकेतला फुप्फुसमासा याच अडचणीत युरियावर भागवतो.

जमिनीवरच्या बहुतेक गोगलगाईंना असं झाकण नसतं. त्या वाळलेल्या चिकट स्रावाचा पडदा लावतात. इजिप्तमधली अशी एक गोगलगाय 1846 साली ब्रिटिश म्युझियममध्ये मेलेली समजून पुठ्ठ्यावर डकवली होती. 1850 मध्ये कोमट पाण्यात ठेवल्यावर ती चालू लागली.

आमच्या पायलाला पोरानं परत तलावात सोडलं. बादलीतलं पाणी त्याच्या आईनं कुंड्यांना घातलं. पाण्यात आल्यावर पायला पुन्हा अमोनियाच सोडते, आणि गुलाबाला तो चालतो.